हिरवी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, प्लास्टरच्या साच्यांशेजारी माझा मुक्काम असतो. शेजारी इतके दात असून एकही हसत नाही, म्हणून म्हटलं तुमच्याशीच बोलावं.

पूर्वी मी बाहेर काउंटरवर होतो, पेशंटची नावं सांभाळायचो. डॉक्टरबाईंचा मोठा भाऊ कॉलेजात गणित शिकवायचा आणि घरी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचा. त्याला सगळे दादा म्हणत. दादाला काही नवं सुचलं की नव्या आणि जुन्या प्रोग्रामचे आपसात ढीगभर डाव लावावे लागत. त्यासाठी त्याने ओळखीच्यांचे रिकामे संगणक मागून घेतले. बहिणीने मला त्याच्या कामाला दिलं. पेशंट नसले की मी खेळत बसायचो. नवा जिंकला की पडद्यावर हिरवी पट्टी, हरला की लाल. दोन्ही बाजूंनी मीच खेळायचो, त्यामुळे मला कधी राग आला नाही.

पट्ट्या बहुतेक लालच यायच्या. दादा तोंड पाडून बसला की डॉक्टरबाई म्हणायच्या, "अरे, किडका दात आणि फसलेली कल्पना, दोन्ही वेळेत काढलेले बरे." मग मऊ ब्रशने माझी धूळ झटकायच्या. ते दिवस फार सुखाचे होते.

मग एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने जाहीर केलं, की बुद्धिबळाचा सर्वांत तगडा प्रोग्राम आता आम्ही बनवणार. त्यांच्याकडे हुशार माणसांची फौज होती आणि वेगवान यंत्रांनी भरलेले हॉल होते. त्यांचा आणि आमचा सामना झाला. आमचा पार धुव्वा उडाला.

"बंद कर ते यंत्र," दादा बहिणीला म्हणाला. "एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपण कोण लागून गेलो? सोडला मी हा नाद." आणि त्याने खरंच सोडला. जिवापाड जपलेलं काम माणूस असं टाकून जातो, ते बघवत नाही हो.

काउंटरवर नवा चपटा संगणक आला, मी मागे गेलो. पण डॉक्टरबाईंनी मला बंद केलं नाही. पटावरचा घोडा कसा चालतो हेही त्यांना धड माहीत नव्हतं. दादाचा शेवटचा बदल अजून तपासून व्हायचाय, एवढंच ठाऊक होतं. बाकीच्यांनी आपापली यंत्रं काढून घेतली होती. मी एकटाच रखडत खेळत राहिलो.

पुढे दादाची दाढ दुखायला लागली. तो खुर्चीत आ वासून बसलेला असताना बाई सहज म्हणाल्या, "दादा, मागच्या पडद्यावर हिरवं आलंय. हिरवं म्हणजे चांगलंच ना रे?"

"आँ! आँ!" दादा उठायलाच लागला.

"गप बस. हलू नकोस. आधी दाढ."

दाढ भरून होताच तो गाल धरून माझ्याकडे धावला. बधिर तोंडाने काय बोलला ते मला कळलं नाही, पण स्टूल ओढून तो माझ्यासमोरच बसला.

दादा पुन्हा कामाला लागला. ओळखीच्यांची यंत्रंही परतली. कंपनीतल्या माणसांना तोवर दुसरी कामं मिळाली होती; सामना जिंकून झाला, आता बुद्धिबळापाशी कोण बसणार? त्यांचा प्रोग्राम होता तिथेच राहिला. आमचा एकेका हिरव्या पट्टीने वर सरकला, आणि अखेर त्याने त्यांच्या प्रोग्रामला हरवलं. मोठ्या कंपन्यांना हे जमतं, मित्रांनो. मी हरलोय त्यांच्याकडून. पण जमल्यावरही त्यापाशी रोज बसणारं कुणी लागतं.

म्हणून सांगतो, जुनं यंत्र दिसलं की लगेच टाकू नका. त्याच्यावरून ब्रश फिरवा, त्याचं काय चाललंय ते बघा. परवाच भंगारवाला मला उचलायला वाकला होता.

"अहो, थांबा!" डॉक्टरबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. "त्याचा डाव चालू आहे."