उजवा अंगठा

सरकारची योजना आली होती, गरिबाच्या घरात एक बल्ब. जोडणी सरकारची, बिलही सरकारच भरणार. ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात बौद्धवाड्यातली सात घरं यादीत बसली. सहा घरं बापयांच्या नावावर, सातवं सरजाबाईच्या. तिचा नवरा सिताराम दोन वर्षांमागं पान लागून गेला होता. घरात घासलेटाचा थेंब नव्हता, साप कुठं चावला ते हातानं चाचपून शोधावं लागलं. तेव्हापासून बाईला फक्त उजेड हवा होता.

गावच्या आबासाहेबांच्या मात्र पोटात दुखायला लागलं. खांब त्यांच्या बांधावरून जाणार होता. त्यात नामांतराच्या मोर्चाला ह्याच सात घरांतली माणसं परभणीपर्यंत पायी गेली होती, हे ते विसरले नव्हते. माणूस शंभर एकरांचा, मन चिमटीएवढं. वीज खात्याच्या साहेबानं सांगितलं होतं, सातही घरांनी ‘लाईट नको’ म्हणून अंगठे दिले तरच काम परत जाईल. झालं. आबासाहेबांनी थोरल्या पोराला, भुजंगला, मोकळं सोडलं.

भुजंगनं भरदुपारी चार गडी घेतले आणि कुऱ्हाडीच्या दांड्यांनी बौद्धवाडा झोडपला. लिंबाजीच्या बरगड्या मोडल्या. नागनाथला कासऱ्यानं बांधून बायकोसमोर फोडला. वीज खात्याचा तात्याराव शाईची डबी धरून मागं मागं हिंडत होता. सहा अंगठे उठले.

“सरजे, चल, लाव,” भुजंग म्हणाला.

सरजाबाईनं अंगठा आत घेऊन उजवी मूठ वळली. “मला लाईट पायजे, मालक. नको कसं म्हणू?”

त्यानं दांडा पाठीत घातला. ती पडली, तरी मूठ सुटेना. सून रुख्मिणी मधे आली, तर तिला केसाला धरून फेकली. मग त्या रेड्याला काय सुचावं? रोवायला आणलेला लोखंडी खांब तिथंच आडवा होता. त्यानं सरजाबाईचा हात त्यावर दाबला आणि दगड उचलून मुठीवर घातला. एकदा नाही, तीनदा. हाडं मोडलेली रुख्मिणीला ऐकू आली.

मूठ सुटली. “आता घे,” भुजंग दम खात म्हणाला.

तात्यारावनं तो हात शाईला लावून कागदावर टेकवला. नुसता रक्ताचा फराटा उमटला. ठसा कुठला उठायला? अंगठ्याला पेरच राहिलं नव्हतं.

“डावा घे की.”

“बाईचा उजवाच लागतोय, भुजंगराव. डावा चालत न्हाई.”

“मंग दुसऱ्या कुणाचा लाव.”

“रेशनकार्डावरल्या ठशाला ताडून बघतेत.” तात्यारावनं शाईच्या डबीला झाकण लावलं. डावा खरंच चालत नव्हता, का त्या भित्र्या माणसाला नेमकं त्याच घटकेला आईचं दूध आठवलं, ते त्याचं त्याला ठाऊक.

सरळ बोट धरून टेकवलं असतं तर काम झालं असतं, पण ह्या अकलेच्या कांद्यानं स्वतःच्या हातानं कागद वाया घालवला. आबासाहेबांनी पोराच्या मुस्काटात दिली. ती सरजाबाईसाठी नव्हती बरं, कागदासाठी होती.

फिर्याद झाली, भुजंग आठ दिवसांत सुटूनही आला. पण खांब उभा राहिला.

दोन महिन्यांनी एका सांजच्याला जोडणी झाली. “आत्याबाई, तुमीच लावा,” रुख्मिणी म्हणाली. पट्टी सुटल्यापासून सरजाबाईनं उजवा हात कुणाला दाखवला नव्हता, स्वतःलाही नाही. तिनं डाव्यानं बटण दाबलं. घर लख्ख झालं आणि पदर सरकून तो हात समोर आला, वाळल्या आल्याच्या तुकड्यासारखा. तिनं झटक्यात बटण बंद केलं.

अंधारात रुख्मिणी रडायला लागली.

“रडू नको,” सरजाबाई म्हणाली. “मीबी बघते, तूबी बघ. गावालाबी दिसू दे त्यांनी काय केलं ते.”

आणि तिनं पुन्हा बटण दाबलं.