नुसतं उभं राहायचं काम

"वाजवायचं नाही. नुसतं उभं राहायचं," व्यंकटराव तिसऱ्यांदा म्हणाले. "फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसाल असं. बास."

फकिरा मास्तरांनी क्लॅरिनेट काखेत दाबलं. गोदावरी ब्रास बँडच्या या मालकाला लोकांनी आजवर काय काय सांगितलं होतं. जोरात वाजवा, हळू वाजवा, नवरदेवाचा मामा झिंगलाय त्याच्या कानापाशी वाजवू नका. पण वाजवूच नका, असं कुणी बोलावून सांगितलं नव्हतं.

"रावसाहेब, मग आमाला बोलावलं कामून?"

"लग्न आहे असं वाटायला."

"म्हंजी लग्न नाय?"

"नाही."

"मग काय हाय?"

व्यंकटरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. पंपाच्या कंपनीत ते कामगार कल्याणाचे कारकून होते. कामगारांचं कल्याण करता करता स्वतःचे केस गेले होते. "ते मलाही नीट कळलेलं नाही," ते म्हणाले. "साहेबांचा श्रीनिवास अमेरिकेतून आलाय. उन्हाळ्याची पार्टी म्हणतो. तुम्ही सावली बघून उभे राहा."

मागं गळ्यात ढोल अडकवून उभ्या असलेल्या कडूबाला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. नुसतं उभं राहायचं. आजचा दिवस निघाला.

कारण कडूबाचा उजवा खांदा गेला होता आणि ते मास्तरांना ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन सहा वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात शहर ओळखू येईना इतकं बदललं. माळावर कारखाने उगवले, भोंगे वाजायला लागले, खेड्यांतली पोरं डबे घेऊन पाळीला जायला लागली. विद्यापीठावरची पाटी तेवढी होती तिथंच होती. मग मोर्चा निघे. मोर्चा निघाला की लाठ्या, लाठ्या झाल्या की जमावबंदी. मास्तरांचं म्हणणं साधं होतं: "सीझन हाय. लगीनसराई सरू द्या, मग नामांतर करा. मी सोता निळा झेंडा घिऊन पुढं येतो. तंवर जो मोर्चात घावंल, त्याचा ढोल कचरूच्या गळ्यात." कचरू म्हणजे मास्तरांचा जावई. आठ वर्षं झांजा बडवत होता आणि आठ वर्षं कडूबाच्या ढोलाकडे हुंड्यात राहिलेल्या वस्तूसारखा बघत होता.

कडूबा मोर्चाला गेला तो बायकोपायी. आवडाबाई गल्लीतल्या बायांच्या पुढं चालायची आणि तिला एकटीला सोडावं तर घरी परतल्यावर जेवण मिळायचं नाही. क्रांती चौकात ऊन डोक्यावर आलं. कडूबानं एक घोषणा दिली नाही, दगडाला हात लावला नाही. तो रसवंतीच्या गाड्याशी पाठमोरा उभा होता, ग्लास ओठाला लावलेला, आणि तेवढ्यात पळापळ झाली. काठी बसली ती बरोबर उजव्या खांद्यावर. रस सगळा सदऱ्यावर. एक घोट पोटात गेला नव्हता.

वस्तीत मात्र गोष्ट निराळी पोचली. कडूबानं नामांतराला खांदा दिला. समाजमंदिरात हार घातला. हार काढायला हात वर जाईना म्हणून बिचारा दोन तास हारासकट बसून राहिला, तर लोक म्हणाले, बघा, किती भरून आलंय.

आज सकाळी आवडाबाई खांद्याला तेल चोळत म्हणाली होती, "सांग की एकदा मास्तरला."

"काय सांगू? रस प्यायलो म्हनून?"

"मोर्चात गेल्तो म्हन. लपवायचं काय त्यात?"

"ते तर रसापरीस वाईट."

"मग किती दिस लपवशील?"

"सीझनभर."

"अन् मग?"

मगचं कडूबानं काही ठरवलं नव्हतं. पंचवीसेक वर्षं त्याच्या पोटावर ढोल होता. ढोल असला की लोक म्हणत, अरे, कडूबा आला, आता वरात हलंल. ढोल नसला तर उरतो कोण? वस्तीतला एक म्हातारा, ज्याला कुणीतरी एकदा हार घातला.

तर जमावबंदी लागलेली. त्यातून सूट दोनच गोष्टींना, लग्नाला आणि मयताला, तीही दिवस मावळेपर्यंत. व्यंकटरावांनी दोन्हींचा विचार केला. मयताला आइस्क्रीम आणि गिटारी शोभल्या नसत्या, म्हणून त्यांनी लग्न निवडलं. फौजदारांकडे जाऊन तोंडी परवानगी आणली, कंपनीच्या क्लबच्या फाटकावर थर्माकोलची पाटी लावली. वर श्रीनिवासचं नाव सरळ होतं. खाली वधूचं काय लिहावं यावर ते रात्रभर जागले आणि शेवटी ‘चि. सौ. कां. अंबिका’ लिहून मोकळे झाले. देवीचं नाव, कुणाच्या घरी भांडण नको.

परवानगी मावळेपर्यंतची, म्हणून पार्टी दुपारी चारला सुरू झाली. मे महिन्यात, औरंगाबादला, चार वाजता. हिरवळीवर रंगीत दिवे लागले होते, पण ते लागलेत की नाही हे हात लावूनच कळत होतं. अधिकारी बायकामुलांसकट आले आणि सगळे एकाच निंबाखाली गोळा झाले. झाडाची सावली जशी सरकत होती, तशी पार्टीही सरकत होती.

पाटी वाचून पहिला घोटाळा झाला तो वैजापूरच्या पंपविक्रेत्या त्रिंबकशेटांचा. त्यांना पार्टीचं आमंत्रण होतं. फाटकावर लग्न बघून ते खवळले. "साहेबाच्या पोराचं लगीन, अन् आमाला पार्टी म्हनून सांगता? परके झालो व्हय आम्ही?" असं म्हणून त्यांनी गडी बाजारात पिटाळला, पाण्याची स्टीलची टाकी मागवली आणि तोटीला कुंकू लावून टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले. आहेर नवरीच्या हातातच द्यायचा म्हणाले.

श्रीनिवास मात्र खुशीत होता. त्याच्यापुढं दोन तबकड्यांची दोन यंत्रं आणि कानावर हेडफोन. दोन्हींवर एकाच गाण्याची तबकडी होती. एका यंत्रावरचा तुकडा संपला की दुसऱ्यावरचा, तोच तुकडा. तो संपला की पुन्हा पहिल्यावरचा. गाणारा गप्प, गिटार गप्प, नुसते ढोल. अमेरिकेत म्हणे पोरं यावरच नाचतात.

फाटकात उभ्या कडूबानं कान दिला. हे तर त्याच्या ओळखीचं होतं. वरात चढाला लागली की फुंकणाऱ्यांचा दम जातो. मग मास्तर बोट वर करत आणि सगळी तोंडं बंद होत. मग वरात एकट्या ढोलावर चाले आणि नेमके तेव्हाच लोक नाचायला लागत. बँडवाले त्याला दमाचा तुकडा म्हणत.

"कचरू," तो हळूच म्हणाला, "तिकडं बी फुंकनाऱ्यांना दम लागतो जनू."

"लई लागत असंल," कचरू म्हणाला. "कवाचं त्येच चाललंय."

तेच तेच ऐकून व्यंकटरावांना वाटलं, सुई अडकली. इतकी माणसं ऐकतायत आणि कुणाला पुढं होऊन सांगायची लाज, म्हणून ते स्वतः गेले आणि बोटानं सुई उचलून शेवटाकडं ठेवली. कर्रकन् आवाज झाला. श्रीनिवासनं एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"काका, हे काय केलंत?"

"अडकली होती रे. काढली."

 श्रीनिवासनं वाकून दुसरी तबकडी काढायला पेटी उघडली. पेटी व्यंकटरावांनीच सकाळपासून हवेशीर म्हणून उन्हात ठेवली होती. आतल्या तबकड्या तळणीतल्या पापडासारख्या वर आल्या होत्या. त्यातली एक त्यानं फिरवून बघितली, तर सुई नावेसारखी वरखाली व्हायला लागली.

मग इंजिनिअरिंग कॉलेजची गिटारवाली पोरं पुढं सरसावली. त्यांनी माईक ठोकले, तारा पिळल्या, एक-दोन-तीन-चार म्हणाले आणि चार म्हणताक्षणी औद्योगिक वसाहतीची वीज गेली.

अशी शांतता झाली की आइस्क्रीम वितळल्याचा आवाज यावा. आणि त्या शांततेत फाटकासमोर जीप थांबली. फौजदार उतरले, मागं दोन शिपाई.

"लग्न आहे ना इथं?" त्यांनी पाटी वाचली. मग माणसं बघितली. मग गप्प उभा बँड बघितला. "मग सुतक पडल्यासारखं काय? काय हो मास्तर, वाजवायचे पैसे घेतले का उभं राहायचे?"

फकिरा मास्तरांनी व्यंकटरावांकडे बघितलं. व्यंकटराव पांढरे पडले होते. खोट्या लग्नात जमाव जमवला, तर आत कोण जाणार हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. साहेबांचा मुलगा तर नक्कीच जाणार नव्हता.

"मुहूर्ताची वाट बघत होतो, साहेब," व्यंकटराव म्हणाले. "गोरज आहे."

"नवरदेव कुठंय?"

कुणीतरी धावत जाऊन दाखवायला घातलेल्या मांडवाच्या खांबावरच्या फुलांच्या माळा तोडल्या आणि मुंडावळ्या म्हणून श्रीनिवासच्या कपाळावर हेडफोनवरूनच बांधल्या. फौजदारांनी त्याची रुंद पायांची विजार बघितली, गॉगल बघितला. "अन् नवरी?"

"मी बी मघापासून तेच इचारतोय," टाकीशेजारून त्रिंबकशेट म्हणाले.

"देवदर्शनाला गेलीय," व्यंकटराव म्हणाले. "येईलच."

"मग येईपर्यंत वाजू द्या," फौजदारांनी खुर्ची ओढली. "मी बसतो."

फकिरा मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि मान हलवली. कडूबानं गोळ्याची काठी उजव्या मुठीत आवळली.

पहिल्या दोन ओळी त्यानं निभावल्या. डाव्या हातातली बारीक छडी चालत होती आणि तुताऱ्यांच्या गोंगाटात उजवा हात कमरेच्या वर येत नाही हे झाकून जात होतं. दात घट्ट आवळून तो ढोलालाच पोटानं हेलकावा द्यायचा आणि गोळ्याची काठी कशीबशी कातड्याला टेकवायचा. पण ऊन फुंकणाऱ्यांनाही सोडत नव्हतं. दोन तास तापलेलं पितळ ओठाला चटके द्यायला लागलं. तुतारीवाल्यानं तोंड काढलं, मागोमाग दुसऱ्यानं. मास्तरांनी बोट वर केलं.

दमाचा तुकडा. सगळे गप्प, एकटा ढोल.

टिक टिक टिक, डावा हात चालला. उजव्याची वेळ आली, हात उठला नाही. तिथं भोक पडलं. कडूबानं सबंध अंग वळवलं, डाव्या पायावर भार टाकला, खांद्यातून कळ मस्तकात गेली आणि काठी पोचली. धम्म. पण उशिरा. पुन्हा टिक टिक टिक, पुन्हा भोक, पुन्हा उशिरा धम्म.

मास्तर ढोलाकडे बघायला लागले.

श्रीनिवासनं गॉगल काढला. "थांबू नका," तो म्हणाला, "हे, हेच." आणि मुंडावळ्या हलवत तो हिरवळीवर उतरला. भोक पडलं की तो हवेत थांबायचा, धम्म आला की जमिनीवर. गिटारवाली पोरं उतरली. निंबाखालच्या बाया उतरल्या. त्रिंबकशेट टाकी सोडून आले. फौजदारांचा बूट खुर्चीखाली हलायला लागला आणि त्यांनी त्याला आवरलं नाही. मास्तरांनी बोट खाली केलं तर श्रीनिवासनं हात जोडले. "तुम्ही नका वाजवू. यांनाच वाजवू द्या. तोच तुकडा."

पुन्हा तोच तुकडा. आणि पुन्हा. जितक्या वेळा हात चुकत होता, तितक्या वेळा लोक खूष होत होते, आणि जितके लोक खूष होत होते, तितकं मास्तरांना नीट बघायला मिळत होतं. कडूबाला वाटलं, एकदा तरी कुणी नाचता नाचता पडावं, कुणाला घेरी यावी, हे थांबावं. पण औरंगाबादेत त्या दिवशी ऊन कुणालाच लागलं नाही.

दिवस मावळला तेव्हा कुठं थांबलं. फौजदार जेवून, नवरीला आशीर्वाद कळवा म्हणून गेले. टाकी व्यंकटरावांच्या ताब्यात देऊन त्रिंबकशेट गेले. श्रीनिवास घामानं निथळत कडूबापुढं आला.

"बाबा, ती मध्ये जागा सोडता ना, आणि मग मागून मारता. कुणी शिकवलं तुम्हाला?"

कडूबानं गवताकडे बघितलं. कचरूनं तोंड उघडलं. "साहेब, त्यांचा हात..."

"जुनी चाल हाय ती," फकिरा मास्तर मध्येच म्हणाले. कचरूकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि ते तोंड मिटलं. "आमच्या बँडात कडूबालाच येती. दुसऱ्या कुनाला जमायची नाय."

"शिकवतील मला?"

"नाय शिकवता येत, साहेब. आपसूक यावी लागती."

रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता. बँड मागं चढला. कडूबा ढोलाचा पट्टा डाव्या हातानं मानेवरून काढायला बघत होता. पट्टा कॉलरला अडकला होता. मास्तर जवळ आले. त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा वर उचलला, ढोल कडूबाच्या पोटावरून उतरवून घेतला आणि खाली ठेवला नाही.

"मोर्चात का?" त्यांनी हळू विचारलं.

कडूबानं मान हलवली. रसाचं सांगावं असं त्याच्या मनात आलं आणि राहिलं.

"पुढं बस."

ड्रायव्हरच्या शेजारची ती जागा मास्तरांची. ढोलवाल्यानं मागं बसायचं, ढोल कवेत धरून, खड्ड्यात आदळू नये म्हणून.

"मास्तर, ढोल..."

"मी हाय ना. बस म्हनलं."

कडूबा डाव्या हातानं दांडी धरून चढला. सीट मऊ होती. मांडीवर काही नव्हतं, म्हणून हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. टेम्पो हलला. बाजूच्या आरशात मागचं दिसत होतं: कचरू झांजा पायाशी टाकून दुसरीकडे बघत बसला होता, आणि मास्तर जरीच्या कोटात फळीवर मांडी घालून, ढोलाला दोन्ही हातांनी मिठी मारून.

"कडूभाई," टेम्पोवाला म्हणाला, "मास्तर आज पीछे कायकू बैठे?"

"त्यास्नी गरम व्हायलंय," कडूबा म्हणाला, आणि काच खाली करून बाहेर बघायला लागला.