कानाच्या आतलं

निर्णा गावच्या गुंडेरावाचे कान जाऊन बराच काळ झाला होता. पण मोंढ्यात चारचौघे हसले आणि कशावर ते त्याला कळलं नाही, त्या दिवशी त्याने ऐकायचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि बायकोला, सरुबाईला, सोबत घेऊन तो बीदरला, नौबाद भागातल्या कानाच्या मशीनच्या दुकानात आला.

दुकानातल्या सौम्याने कान तपासून तीन मशीनं काढली. पहिलं खिशातलं, पेटी सदऱ्याच्या खिशात, वायर कानात. आवाज दणदणीत, पण सदरा जरा हलला की खरखर. त्या खरखरीतून सरुबाईचा आवाज आला.

"प्रियंकाला घरी कवा आणताव?"

"दुसरं दाव," गुंडेराव सौम्याला म्हणाला.

लेकीने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हापासून ती कलबुर्गीला होती, आणि तिला या घरचा उंबरा बंद होता. सरुबाई हे एकच त्याच्या कानाशी ओरडून विचारी, आणि तो बहिरेपणाच्या आड बसून राही.

दुसरं कानामागे बसणारं. "तुमाला हेच बरं, काका," सौम्या म्हणाली. "कान लई गेलाय, बोटं जाड हैत. ह्याचा सेल मोठा, तुमाला बदलता येतो."

"लेकरू झुरायलंय तिकडं," सरुबाई म्हणाली, अगदी स्वच्छ. "तुमाला काळीज हाय का न्हाई?"

त्याने तेही काढून ठेवलं.

तिसरं हरभऱ्याएवढं, कानाच्या आत जाणारं. हे थोडं कमी ऐकणाऱ्यांचं, यात मळ अडकतो, तुम्हाला ते पुरायचं नाही, असं सौम्या सांगत होती आणि तिचा शब्दन्शब्द त्याला ऐकू येत होता. पंख्याची घरघर, बाहेर बसचा हॉर्न, सौम्याच्या बांगड्या, सगळं. सरुबाईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

सौम्या तिच्याकडे वळली. "अक्का, गप कामून बसलाव? काई तरी बोला की. बघू, ह्यांना कळतंय का."

सरुबाईच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. सौम्या हसऱ्या तोंडाने वाटच पाहत राहिली.

गुंडेरावाने मशीन कानातून काढलं. त्याच क्षणी सौम्याने दचकून सरुबाईकडे पाहिलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याने ते परत बसवलं. तिचे हात हळूच खाली आले.

"हेच दे," तो म्हणाला.

"काका, माझं ऐका, हे तुमाला..."

"हेच."

बसमध्ये सरुबाईचा हात त्याच्या कानाकडे गेला तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं आणि गावापर्यंत सोडलं नाही. कंडक्टरने तिला दोनदा काही विचारलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "मुकी हाय का बाई?"

"व्हय," गुंडेराव म्हणाला.

घरी येताच सरुबाईने फोन घेतला आणि लेकीला लावला. तो स्पीकरवर ठेवलेला होता.

"हॅलो? आई?" प्रियंकाचा आवाज एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या कानात आला. "बोल की. आई?"

"मी हाय," गुंडेराव म्हणाला.

 पलीकडून हुंदका आला. "अप्पा? आई कुठं हाय?"

"हितंच. फोन तिच्याच हातात हाय."

"मग बोलंना कामून?"

गुंडेरावाने बायकोकडे पाहिलं. तिचं तोंड टाळूपर्यंत उघडं होतं.

"तुझ्याशी तिला काई बोलायचं न्हाई," तो म्हणाला.

फोन बंद झाला. सरुबाईने तो तसाच ओठांशी धरला होता, आणि त्याच्या काचेवर वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.