ताण्याच्या पलीकडे

“त्याचा पट्टा काढ गा आधी,” बाबनराव म्हणाला. “बक्कल धाग्यात अडकली त सगळा ताणा जाईन.”

शालिकरामनं आपल्या भुऱ्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि घरात मागाजवळच्या खुंटीवर टांगून आला. कुणी काही सांगितलं की ऐकायचं, ही त्याची जन्माची सवय. भीती तर त्याला सगळ्यांचीच वाटायची. सूत देणाऱ्या इतवारी बाजारातल्या शेठची, शेजारच्या बाबनरावची, आणि पाजणीच्या दिवशी आभाळाचीसुद्धा.

आज पाजणी होती, सुताला खळ पाजायचा दिवस. पाचपावलीच्या त्या अरुंद गल्लीत, तोंडापासून थेट शेवटच्या भिंतीपर्यंत, लुगड्यांचा ताणा बांधला होता. कमरेच्या जरा खाली ताणलेले असंख्य उभे धागे, त्यांवर कुंच्यानं खळ चढवायची आणि ऊन तापायच्या आत काम उरकायचं. अशा वेळी कुत्रं धाग्यांत शिरलं तर महिन्याभराची रोजी मातीत. त्यात पॉवरलूम आल्यापासून शेठ हातमागवाल्यांना सूत द्यायला काचकूच करत होता. हा ताणा बिघडला तर पुढचा मिळणार नाही, असं त्यानं शालिकरामला तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून विणकरांच्या गल्लीत कुत्र्याला थारा नसायचा. भुऱ्याला तेवढा मिळाला. तो पिल्लू असताना बाबनरावनं त्याच्यावर मागाचा लाकडी धोटा उगारला, तेव्हा शालिकराम आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मध्ये पडला होता.

“मारू नको गा. मी शिकवतो त्याले.”

“कुत्र्याले काय शिकवशीन? दोन रट्टे दे, शिकते.”

रट्टे शालिकरामला चांगले ठाऊक होते. बापानं त्याला माग असाच शिकवला होता. पाठीत धोटा बसेल या धाकानं हात कापायचा, आणि हात कापला की धागा तुटायचा. त्यानं भुऱ्यासाठी वेगळीच तऱ्हा काढली. अंगणात जमिनीवर एक धागा टाकायचा. भुऱ्या धाग्याशी थांबला की जिभेनं टक् करायचं आणि तळहातावर फुटाणा द्यायचा. त्यानं धागा ओलांडला, तर रागावणं नाही आणि फुटाणाही नाही. मग धागा वीतभर वर. मग धाग्यांची जुडी. त्याची बायको वच्छलाबाई म्हणायची, “पोरीले एवढ्या मायेनं शिकवलं असतं त मास्तरीण झाली असती.” पण पावसाळा सरेस्तोवर भुऱ्या असा तयार झाला, की धाग्यांखालून मांजर पळालं तरी हा आपला काठावर बसून शालिकरामच्या हाताकडे बघायचा.

अर्धा ताणा ओला झाला होता. शालिकराम घराच्या बाजूनं कुंचा मारत होता, बाबनराव पलीकडून. भुऱ्याही पलीकडेच, एका ओट्याच्या सावलीत पडला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुत्री धरणारी गाडी थांबली.

लोखंडी चिमटा घेतलेला एक माणूस ताण्याच्या पलीकडून सरळ आत येत होता. बिनपट्ट्याचं कुत्रं दिसलं की हे लोक विचारत नसत, आणि गाडीत गेलेलं कुत्रं परत आल्याचं पाचपावलीत कुणी पाहिलं नव्हतं.

“भाऊ, माझा हाये तो,” त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. “पट्टा घरात हाये.”

“सब ऐसाच बोलते,” तो माणूस न थांबता म्हणाला.

वच्छलाबाई आतून पट्टा घेऊन धावत आली आणि तो तिनं शालिकरामच्या हातात दिला. पण भुऱ्याची मान पलीकडे होती.

“बाबनराव, धर गा त्याले.”

बाबनरावनं हात पुढे केला. तो उगारलेला धोटा भुऱ्या विसरला नव्हता. तो अंग चोरून मागे सरकला. मागे भिंत होती.

“भुऱ्या, ये. ये बेटा.”

भुऱ्या आला. शेपटी हलवत ताण्यापर्यंत आला आणि धाग्यांशी थांबून बसला. मान वर करून त्यानं शालिकरामच्या हाताकडे पाहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. आता त्याला फुटाणा मिळायला हवा होता.

शालिकरामच्या तेव्हा ध्यानात आलं. थांबायचं कसं, ते आपण याला शिकवलं. यायचं कसं, ते एकदाही शिकवलं नाही. त्यानं खिशातले फुटाणे काढून धाग्यांवरून हात लांब केला, “ये ना रे” म्हणून विनवलं. भुऱ्या कुईं करून आणखीच नीट बसला. चिमटा उघडला. आता धाग्यांखालून सरपटत जायला वेळ नव्हता.

“शालिकराम, ताणा!” बाबनराव ओरडला.

तोवर शालिकरामचा पाय धाग्यांत गेला होता. ओले धागे छातीवर, मांडीवर तटातट तुटले. तो पलीकडे गुडघ्यांवर पडला, भुऱ्याला पोटाशी घेतलं आणि पट्टा बांधू लागला. हात इतके कापत होते की बक्कल काही केल्या बसेना. चिमटेवाला डोक्याशी उभा राहून बघत होता. शेवटी बक्कल बसली. चिमटा मिटून तो माणूस निघून गेला.

मधोमध ताण्याला भगदाड पडलं होतं आणि तुटकी टोकं गळलेल्या खळीच्या चिखलात लोळत होती.

“आता सूत कोन देईन तुले?” बाबनरावनं हळूच विचारलं.

“कोनी नाई देनार,” शालिकराम म्हणाला.

बाबनराव खाली बसून चिखलातलं एकेक टोक वेचू लागला. “बस. सांधतीन तेवढे सांधू.”

टोकं धुवायला पाणी हवं होतं. शालिकराम पडलेल्या धाग्यांवरून पाय टाकत घराकडे निघाला आणि भुऱ्या मागे येत नाही म्हणून वळला. मातीत पडलेल्या धाग्यांच्या पलीकडे, गळ्यात पट्टा घालून, भुऱ्या थांबून बसला होता आणि त्याच्या हाताकडे बघत होता.

शालिकराम परत आला. त्यानं जिभेनं टक् केलं आणि चिखलात सांडलेला एक फुटाणा उचलून, धोतराला पुसून, त्याच्यापुढे धरला. तळहातावरून भुऱ्यानं तो अलगद उचलला.