साळूबाईच्या पायांखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. फळीला कसली आली जीवनकहाणी, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळदा तसेच वाटते. शिवाय माणसे मला चेहऱ्यांवरून ओळखता येत नाहीत, ती मला तळपायांवरून कळतात. तेव्हा सांगताना काही चुकले तर सांभाळून घ्या.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात मी सागाचे झाड होते. संगमनेरच्या एका सुताराने मला चिरले, रंधा मारला आणि दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या. आपले दार व्हावे, निदान देव्हारा तरी व्हावा, अशी माझी फार इच्छा होती. पण मला विकत घेतले ते मिरजगावच्या गोरक्षनाथ तमासगिरांनी. लाकडी घोड्यांवर फळ्या मांडून त्यांच्या फडाचा मंच तयार होई. त्याला सगळे बोर्ड म्हणत. खाली पोकळी असल्याने पाय पडला की आम्ही फळ्या बोलत असू. मी अगदी मधली. वहाण घालून आमच्यावर कोणी येत नसे. नाचणारी आधी वाकून बोटे लावी, ती कपाळाला टेकवी आणि मगच पाय ठेवी.

साळूबाई ही गोरक्षनाथांची मुलगी. तिने शिकावे म्हणून त्यांनी तिला नगरच्या बोर्डिंगात ठेवले होते. ती बी. ए. झाली, त्याच वर्षी फडात नाचणारी तिची आत्या अंथरुणाला खिळली. फड बसायची वेळ आली. साळूबाईने पुस्तके बांधून ठेवली आणि पायात चाळ बांधले. तिचा पहिला पाय माझ्यावर पडला तो ताल चुकवूनच. पुढे तो असा काही तयार झाला, की जत्रेतली माणसे तिच्या नावावर गर्दी करू लागली.

फडाचा एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा. नाच रंगला की समोरचा एखादा शौकीन नोट धरून हात वर करी. मग साळूबाई नाचतच बोर्डाच्या कडेला येई, नोट घेई, लवून मुजरा करी आणि देणाऱ्याचे नाव पुकारी. ढोलकीवाला सूर्यभान त्यावर एक तोडा वाजवी. याला दौलतजादा म्हणतात. गावोगावचे टवाळ म्हणत, "साळूचं काय, नोट दाखवली की येती!" ते ऐकून ती हसे. पण रात्री तंबूचे पाल आवरताना तिचे पाय माझ्यावरून जड होऊन जात.

मग तो मोठा दुष्काळ आला. जत्रा भरेनात. फड मोडला, माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि मी गोरक्षनाथांच्या गोठ्यात पडले. माझ्यावर कोंबड्या बसत. याच काळात नगरला नृत्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर वर्ग निघाला. ज्यांनी अनेक वर्षे नाचून पोट भरले आहे आणि ज्यांच्याजवळ पदवीही आहे, अशांसाठीच तो होता. राहत्याच्या कन्याशाळेला नृत्यशिक्षिका हवी होती. या वर्गाची परीक्षा पास झाली तर जागा साळूबाईची, नाहीतर तिलाही खडी फोडायला जावे लागणार होते.

"चाळिशीला आलीस साळू, आता पाटी-पेन्सिल घेती का?" सूर्यभान म्हणाला.

"घेते. तू ढोलकी घे. साथीला माणूस लागतो तिथं."

"म्हंजी मीबी साळंत? माझा बाप वर हसत आसंल."

वर्गात शहाबादी फरशी होती. पहिल्या दिवशी साळूबाई तीवर नाचली, पण दगड काही बोलेना. तिचा ताल चुकू लागला. तेव्हा सूर्यभानाने मला गोठ्यातून काढले, धुतले आणि नगरच्या एसटीच्या टपावर चढवले.

"काय पाव्हणं, घर बांधताय का?" कंडक्टरने विचारले.

"न्हाई. हिचं नाव घालायचंय कालिजात."

"मग हाफ तिकीट काढू का फुल?"

"फुल काढा. वयानं माझ्यापरीस थोरली हाय ती."

वर्ग शिकवणाऱ्या गंधे बाई साळूबाईपेक्षा वयाने लहान होत्या. मला दोन विटांवर ठेवलेले पाहून त्या म्हणाल्या, "साळूबाई, फळी असू दे. पण फरशीवरही जमलं पाहिजे. उद्या शाळेत फळी नसली तर मुलींना काय सांगाल?" बोलणे कडक, पण खरे होते. साळूबाई दोन्हीवर नाचायला शिकली.

नाचण्यापेक्षा तिला सांगणे अवघड जाई. गंधे बाई मध्येच थांबवून विचारत, "आत्ता वजन कुठं आहे?"

"पायावर, बाई. दुसरं कुठं असतं?"

"कुठल्या पायावर? टाचेवर की चवड्यावर?"

साळूबाई खाली वाकून आपलाच पाय पाही. एकदा गंधे बाईंनी खाली बसून तिच्या पायाशेजारी माझ्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. इतकी वर्षे मला पाय माहीत होते आणि नमस्काराची बोटे. अख्खा तळहात असा पहिल्यांदाच टेकला. त्या हाताने मला काहीतरी विचारले, असे वाटले. पण मी फळी, काय बोलणार?

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा बाईंनी बजावले, "परीक्षक बाहेरचे आहेत. दौलतजादासारखं कडेला येऊन हात पुढे करणं, नाव पुकारणं, यातलं काही नको. नावं ठेवायला त्यांना निमित्त मिळायला नको."

"न्हाई करणार, बाई. चाळांची आण."

परीक्षेच्या दिवशी साळूबाई सुंदर नाचली. सूर्यभानाची ढोलकी चढत गेली. परीक्षक वयस्कर होते, टेबलामागे बसलेले. पुढचा प्रश्न लिहिलेला कागद तिला द्यावा म्हणून त्यांनी तो घडी घालून धरला आणि हात वर केला.

मित्रांनो, काय झाले ते मला आधी कळले, कारण पाय माझ्यावर होते. घडी केलेला कागद आणि वर झालेला हात! ते पाय थांबायचे विसरले. साळूबाई झुलत कडेला आली, दोन बोटांत कागद घेतला, लवून मुजरा केला आणि खणखणीत आवाजात पुकारले, "आलेऽऽ हो! परीक्षक साहेबांकडून, साळूच्या अदाकारीवर खूश होऊन..." तिने कागद उलगडला. "प्रश्न तिसरा!"

सूर्यभानानेही सवयीने तोडा वाजवून टाकला.

तोडा संपला तेव्हा कुठे भान आले. साळूबाईची बोटे माझ्यावर आखडली.

"हे अभ्यासक्रमात आहे?" परीक्षकांनी विचारले.

"नाही, सर," गंधे बाई हळूच म्हणाल्या.

"चूक झाली, साहेब," साळूबाई म्हणाली. "हात वर दिसला आन् पाय गेले."

"गेलेले दिसले. कसे गेले, ते सांगता येईल? प्रश्न राहू द्या. हेच सावकाश करून दाखवा."

तिने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती अर्ध्यावर थांबली. "येत न्हाई साहेब. समोर हात असल्याबिगर ह्ये येतच न्हाई."

आता ती नापास होणार, असे मला वाटले. तेवढ्यात गंधे बाई उठल्या. वहाणा काढून माझ्यासमोर फरशीवर उभ्या राहिल्या आणि ज्याला त्यांनीच मनाई केली होती, त्यासाठी रुमाल धरून हात वर केला. "या, साळूबाई. सावकाश. वजन कुठं आहे ते सांगत या."

साळूबाई निघाली. "पुढच्या चवड्यावर... आता डाव्यावर... आता हात पुढं चाललाय, कंबर लवली..."

"आणि वजन?"

ती तशीच वाकून थांबली. टाच माझ्यावर दाबून पाहिली.

"मागल्या टाचंवर हाय, बाई," ती म्हणाली. "हात पुढं गेला, मान लवली, हसूबी पुढं गेलं. पर मी मागंच हाय. समद्यांनी म्हनायचं, नोट दाखवली की साळू येती. मलाबी तसंच वाटायचं. आलेच नव्हते मी."

मला ते ठाऊक होते. माझ्या पुढच्या टोकाजवळ जो खळगा पडला आहे तो टाचेचाच आहे. पण माझ्याजवळ शब्द नव्हते आणि तिच्याजवळही नव्हते. ते तिला त्या वर्गात मिळाले. गंधे बाईंचा हात अजून वरच होता. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि काहीतरी लिहिले.

साळूबाई दुसऱ्या वर्गात पास झाली.

"चाळिशीत दुसरीत गेलीस म्हन की!" सूर्यभान म्हणाला. मग तो ढोलकीवर डोके टेकून रडला.

आता मी राहत्याच्या कन्याशाळेत असते. साळूबाई म्हातारी होऊन घरी बसली. कधी कोणी माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवते. एकदा पाण्याचा माठ ठेवला, त्याने माझी एक कड फुगली. मित्रांनो, जुन्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचे तेल द्या, ओल लागू देऊ नका. ते पुष्कळ वर्षे साथ देते. आणि ज्यांचे आयुष्य नाचण्यात, राबण्यात गेले, ती माणसे प्रौढ वयात वर्गात येऊन बसली तर हसू नका. सरकून जागा द्या.

मुलींना साळूबाई शिकवायची ते मी रोज ऐकले आहे. मला त्याहून चांगले सांगता येणार नाही. ती म्हणायची, "पोरींनो, समोरून कुणाचाबी हात येऊ द्या. लवा, हसा, मान द्या. पर टाच आपली आपल्यापाशी ठेवा."