आजारी पडणे हेच माझे काम

मी एक जुना शर्कराकंद आहे. ज्याच्यापासून साखर करतात, तो पांढरा, जाडजूड कंद. मित्रांनो, माझ्या वाफ्यापुढे एक पाटी आहे. तिच्यावर माझे नाव नाही. 'रोगाला लगेच बळी पडणारा' एवढेच लिहिले आहे. शाळेच्या सहली येतात, मुले पाटी मोठ्याने वाचतात आणि खिदळतात. एवढी पाने असून मला तोंड लपवता येत नाही.

एके काळी माझ्या वाणाच्या गोडीला तोड नव्हती. कारखान्याच्या फाटकातून माझ्या गाड्या आधी आत घेत. मग एका दमट उन्हाळ्यात पानांवर करडे ठिपके उठले. ते पसरत गेले, पाने होरपळल्यासारखी वाळली. पानेच गेली, तर कंदात साखर कुठून भरणार? शेतकऱ्यांनी माझे बी घेणे सोडून दिले.

संशोधन केंद्राने मात्र मला ठेवून घेतले. कौतुकाने नव्हे. तिथल्या एक बाई या रोगाला पुरून उरेल असे नवे वाण घडवत होत्या. त्या दरवर्षी रोगट पाने वाळवून भुकटी करीत आणि सगळ्या वाफ्यांवर भुरभुरवीत. मी आजारी पडलो, म्हणजे रोग खरोखर आला. मग शेजारी जो हिरवा उरेल, तो खरा दणकट. माझ्यावर ठिपके दिसले की बाई म्हणत, "पडलास? शाब्बास रे गड्या!" त्या शाबासकीने मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एका वर्षी मी पडलो नाही. मी हिरवागार, शेजारचे नवे वाणही हिरवेगार. बाईंनी बांधावरूनच नवे वाण पाहिले आणि केंद्राच्या साहेबांना सांगून टाकले, "साहेब, जमलं!" साहेबांनी लगेच शेतकऱ्यांना बोलावणी धाडली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी बाई माझ्यापाशी आल्या. मी ऐटीत उभा होतो. त्यांनी माझे एक पान उलटून पाहिले, मग दुसरे, आणि मटकन सरीतच बसल्या.

"तू कसा काय धडधाकट?"

त्यांचा उतरलेला चेहरा पाहून माझी ऐट गळाली. रोग आलाच नव्हता. त्या वर्षी घाईघाईत बाईंनी पाने सावलीऐवजी भट्टीत वाळवली होती. रोगाचे बीज तिथेच मेले होते.

बाईंनी हे सांगताच साहेब वैतागले. "आता सगळ्यांना बोलावून बसलोय. ती पाटी तेवढी उचला. कोण बघतंय?"

बाईंनी पाटी उपटली आणि पाठीमागे धरून उभ्या राहिल्या. शेतकरी आले. नव्या वाणाची वाहवा झाली. एका शेतकरणीने विचारले, "ठिपक्यांनी आमचं अख्खं शेत बसवलं, ताई. ह्याच्या भरवशावर पेरू ना?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी पाटी पुढे आणली आणि माझ्यासमोर पुन्हा रोवली.

"नका पेरू. ह्या वर्षी रोगच आला नाही, चूक माझी आहे. हा सगळ्यात नाजूक कंद, आणि हाच बघा कसा ठणठणीत आहे!"

कोणीतरी फिसकन हसले. साहेब गाडीकडे चालू लागले. "बरं झालं बोललात," शेतकरीण म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. ती रिकाम्या हातांनी परत गेली आणि बाई माझ्याशेजारी खाली मान घालून उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी पाने सावलीत वाळली. मी तर आडवा झालोच. पण नव्या वाणाची निम्म्याहून अधिक झाडेही माझ्यासोबत झोपली. "हेच बी तिनं पेरलं असतं तर..." बाई पुटपुटल्या. जी थोडी झाडे तगली, त्यांना त्यांनी फिती बांधल्या. आता त्यांच्याच बियांवर काम चालू आहे.

मित्रांनो, माझी लाज काही गेलेली नाही. अजूनही सहल आली की जमिनीत शिरावेसे वाटते. पण केंद्राच्या बी ठेवायच्या शीतपेटीत माझ्या बियांची पिशवी मागे मागे सरकते आहे, आणि पडून राहिलेले बी हळूहळू मरते. 'हे दुखणाईत वाण कशाला सांभाळायचं?' असे कोणी म्हणाले, तर त्याला थांबवा. मला पेरा, पाणी द्या आणि मी पडलो की जवळ येऊन नीट बघा. शिवारात सगळेच हिरवे दिसले, तर मात्र टाळ्या वाजवायची घाई करू नका.