बंबसाहेबांचं दुसरं वाक्य

'आग ही माणसाची पहिली गुरू आणि शेवटची शत्रू होय.'

एवढं वाक्य टाईप करून बंबसाहेब समाधानाने खुर्चीत मागे रेलले, आणि कॉम्प्युटर बंद पडला.

वीज गेली नव्हती. दिवा लागलेला होता, स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. फक्त कॉम्प्युटरनेच मान टाकली होती.

बंबसाहेब अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. गल्लीला ते बंबसाहेबच. निरोपसमारंभात टाळ्यांच्या भरात त्यांनी 'आता मी आत्मचरित्र लिहिणार' असं बोलून टाकलं होतं. टाळ्या थांबल्या, पण लोक विसरले नाहीत. लोकांची ही एक वाईट खोड असते. आता येत्या रविवारी त्यांच्या जुन्या अग्निशमन केंद्राचा वर्धापनदिन होता आणि बंबसाहेब तिथे आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचणार, असं पत्रिकेत छापूनही झालं होतं. प्रकरणात वाक्य होतं एक. ते वर दिलंच आहे.

पहिल्यांदा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यांनी टेबलाखाली डोकावून पाहिलं. बायकोची जांभळी शाल खुर्चीच्या पाठीवरून घसरून कॉम्प्युटरचा डबा आणि भिंत यांच्यामध्ये पडली होती आणि मागच्या जाळीला चिकटून बसली होती. डबा तापला होता. 'हवेची वाट अडवू नका' म्हणून दुकानदारांपुढे आणि थिएटरवाल्यांपुढे ज्यांनी हयातभर घसा फोडला, त्यांना निदान करायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी शाल काढली. हातात धरून आपल्या त्या एकुलत्या एक वाक्याचा विचार केला. मग शाल होती तिथे परत ठेवली. चारही बाजूंनी नीट खोचून.

तेव्हापासून सगळं सुरळीत चाललं होतं. रोज सकाळी बंबसाहेब लिहायला बसत, डबा तापे, कॉम्प्युटर बंद पडे, आणि ते कपाळाला हात लावून बाहेर येत.

"गेला! आत्ता कुठे सूर लागला होता!"

"अरेरे," बायको शेंगा सोलता सोलता म्हणे. "अहो, माझी जांभळी शाल कुठे दिसली का?"

"नाही बुवा."

पण बायकोने एक दिवस न सांगता आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. मेहुणा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. उघडता येण्यासारखी कुठलीही वस्तू जगात बंद राहू नये, असं त्याचं मत होतं. तो स्क्रू-ड्रायव्हरांची पिशवी खांद्याला लावूनच दारात उभा राहिला.

"भाऊजी, पेशंट कुठाय?"

"कशाला त्रास घेतोस रे? वय झालंय त्याचं."

"वयाने माणसं बंद पडतात, भाऊजी. मशीनला काहीतरी कारण लागतं." त्याने स्टूल ओढलं. "बंद पडायच्या आधी तुम्ही नेमकं काय करत असता?"

"विचार."

"सलग?"

"सलग."

"म्हणजे मशीनवर लोड काहीच नाही," मेहुणा गंभीरपणे म्हणाला. "डबा पुढे ओढू या."

"थांब! तू नको, तुझी पाठ दुखते. मी ओढतो."

बंबसाहेब टेबलाखाली शिरले. आपल्या देहाच्या आडोशाने त्यांनी शाल उपसली, तिची घडी घातली, खुर्चीवर टाकली आणि तीवर बसले. ड्यूटीवर असतानाही आपण कधी इतकी चपळाई दाखवल्याचं त्यांना आठवेना. शाल नुकतीच इस्त्री केल्यासारखी ऊन होती. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शिस्तीचं खातं होतं.

मेहुण्याने आधी टेबललॅम्प लावून सॉकेट तपासलं. ते ठीक होतं. वायर बदलली. मग डबा उघडून आतली धूळ ब्रशने झाडायला घेतली आणि पंख्याच्या पात्यातून एक पुंजका चिमटीत धरून उजेडात आणला.

"भाऊजी, हे जांभळं काय आहे?"

"धूळ."

"जांभळी?"

"आमच्या बाजूला तशीच येते."

मेहुण्याने पुंजका खिडकीबाहेर सोडला. "मला आधी वाटलं, हा गरम होत असेल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "पण तुमच्या घरात हवा कोण अडवणार? काहीतरीच बोलतो मी."

"काहीतरीच," बंबसाहेब म्हणाले आणि बूड बदलून बसले.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने भावाला कप दिला, नवऱ्याला कप दिला आणि नवऱ्याकडे जरा मान तिरपी करून पाहिलं.

"आज तुम्ही उंच दिसताय."

"ताठ बसलोय."

"बसा, बसा."

मेहुण्याने डब्यातून एक हिरवी पट्टी उपटून काढली. "ताई, खोडरबर आहे का घरात? ही याची मेमरी. हिचे दात खोडरबराने घासायचे असतात."

"मेमरी खोडरबराने पुसायची?"

"पुसली की नीट आठवतं त्याला. आपल्यासारखं नाही."

पट्टी घासून झाली, डबा मिटला, कॉम्प्युटर सुरू झाला. मेहुण्याने स्टूल बंबसाहेबांच्या शेजारी सरकवलं आणि हाताची घडी घातली.

"चालवा. बंद पडेपर्यंत मी हलत नाही."

"तू हो पुढे. बंद पडला की फोन करतो ना."

"छे! लक्षण डोळ्यांसमोर दिसायला हवं."

पडद्यावर ते एकटं वाक्य आलं. बंबसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही बंबसाहेबांकडे पाहिलं. खरी अडचण अशी होती की शहरातली प्रत्येक मोठी आग दुसऱ्या कुणाच्या तरी पाळीत लागली होती. लाकडाची वखार पेटली तेव्हा ते रजेवर होते. तेलगिरणी पेटली तेव्हा त्यांना, त्या वयात, कांजिण्या निघाल्या होत्या. त्यांच्या वाट्याला आली ती कठड्यात अडकलेली पोरांची डोकी आणि झाडावर चढलेली मांजरं. पहिल्या गुरूची आणि शेवटच्या शत्रूची त्यांच्याशी गाठच पडली नव्हती, आणि हे रविवारी सगळ्या केंद्रासमोर कळणार होतं.

डबा गार होता. आतला पंखा गुणगुणत होता. बंद पडायचं नाव नव्हतं.

"लिहा की, भाऊजी."

"सुचायला हवं ना."

"सुचायचं काय त्यात? टेस्टिंग आहे हे. काहीही बडवा. बटणं हलली की झालं."

काहीही म्हटल्यावर बंबसाहेबांचा नाइलाज झाला. त्यांनी एका बोटाने टाईप केलं : 'एकदा आम्ही मावळता सूर्य विझवायला गेलो होतो.'

मेहुण्याने ते मोठ्याने वाचलं. मग कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"एका म्हातारीचा फोन आला, समोरच्या इमारतीचा वरचा मजला पेटलाय म्हणून. गेलो. घंटा वाजवत, शिडी घेऊन, सगळा लवाजमा. बघतो तर खिडक्यांच्या काचांवर ऊन पडलेलं."

"मग?"

"नळी जोडेपर्यंत विझलं. म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, अगदी वेळेवर आलात हो, साहेब."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कर्तव्यच आहे आमचं."

"रिपोर्ट काय दिलात?"

"आग आटोक्यात. जीवितहानी नाही."

मेहुणा स्टुलावरून पडता पडता राहिला. डोळे पुसत म्हणाला, "नाही, नाही... आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. त्याच वेळेला."

"पुन्हा? आणि तुम्ही गेलात?"

"जावं लागतं. फोन आला की जावंच लागतं. थांब, बोलू नकोस, लिहू दे."

मेहुणा बराच वेळ शेजारी बसून ओळी वाचत राहिला आणि फिदीफिदी हसत राहिला. चहा निवून गेला, कॉम्प्युटर चालूच. शेवटी त्याने पिशवी खांद्याला लावली.

"ताई, झालं काम. खोडरबर! लोक उगाच नवीन मशीन घेतात."

तो गेला तरी बंबसाहेबांचं बोट थांबलं नाही. म्हातारीचा चौथा फोन आला, पाचव्या दिवशी ढग आले म्हणून म्हातारीने आभाराचा फोन केला. मध्येच त्यांची नजर वर गेली. पहिलं वाक्य अजून तिथेच उभं होतं, समारंभाला लवकर आलेल्या पाहुण्यासारखं. त्यांनी ते पुसून टाकलं. खोडरबर लागलं नाही.

बायको दारात येऊन उभी होती. हात काखेत घट्ट दाबलेले.

"चाललंय?"

"चाललंय. पण रविवारी हे वाचलं तर लोक हसतील गं."

"हसू देत. त्या वखारीच्या आगीला कोण हसलं असतं?"

बंबसाहेबांनी यावर विचार केला. मग त्यांनी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

"अहो."

"हं?"

"जरा उठता का? थंडी वाजतेय. माझी शाल हवी होती."